धबधबा, तंबू आणि पिंगुळी: दोघांच्या कोकण वीकएंडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर कुडाळ तालुक्यातलं, सासर नागपूरचं आणि संसार डोंबिवलीत. गेली काही वर्षं आम्ही दोघं भाद्रपद सरता सरता एका शुक्रवारी रात्री तंबू पाठीवर टाकून सिंधुदुर्गाकडे निघतो आणि सोमवारी सकाळी थेट ऑफिसला जातो. परत आलो की ऑफिसातल्या आणि बिल्डिंगमधल्या जोड्या तेच ते प्रश्न विचारतात. व्हॉट्सॲपवर एकेकाला उत्तरं देऊन बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

नेमकं कधी जायचं?

खरा प्रश्न हाच आहे, बाकीचे सगळे याच्या पोटातले. धबधब्याला पाऊस हवा आणि तंबूला पाऊस नको. जुलैत गेलात तर आंबोलीचा धबधबा डोळे दिपवेल, पण तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्ट या दोन महिन्यांत. खाली किनाऱ्यावर वाऱ्यानं माड वाकलेले असतात. अशा रात्री तंबूत झोपणं म्हणजे धुणं भिजत घालण्याचा प्रकार. डिसेंबरात गेलात तर तंबूची चैन, पण सावडाव धबधब्याच्या कातळावर जेमतेम ओली रेघ उरलेली.

मधे तीनेक आठवड्यांची फट असते. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. पावसाचा जोर ओसरलेला, वरचे ओढे मात्र भरलेले, भातं पिवळी पडू लागलेली. आणि बहुतेक वर्षी याच सुमाराला पितृपक्ष येतो. गणपतीला आलेले चाकरमानी परतलेले असतात, नवरात्राची गर्दी अजून व्हायची असते, आणि पितृपक्षात फिरायला जाऊ नये म्हणून निम्मी दुनिया घरी बसते. आमच्या सासूबाईंनीही पहिल्या वर्षी नाक मुरडलं होतं. दुसऱ्या वर्षी रिकाम्या किनाऱ्याचे फोटो बघून त्या गप्प बसल्या.

आणखी बारकावा हवा असेल तर पितृपक्षातल्या अष्टमीच्या जवळचा शनिवार-रविवार पकडा. का, ते भरतीच्या प्रश्नात येईल.

दोन दिवसांत सगळं होतं का?

एक कला संग्रहालय, एक रात्र किनाऱ्यावर, एक मोठा धबधबा आणि जाता जाता सावंतवाडी, इतकं होतं. यात मालवण आणि तारकर्ली घुसवू नका. आमचा क्रम असा: शनिवारी सकाळी कुडाळला उतरायचं, तिथून चारेक किलोमीटरवर पिंगुळीचं कला संग्रहालय, दुपारचं जेवण, चारच्या आत निवती-भोगवे पट्ट्यात तंबू. रविवारी उजाडताच तंबू गुंडाळून आंबोली, उतरताना सावंतवाडी आणि संध्याकाळी सावंतवाडी रोडहून परतीची गाडी.

तंबू चारच्या आत, हे मी गंमत म्हणून लिहिलेलं नाही. अंधारात तंबू ठोकणारी जोडपी एकमेकांशी जे बोलतात ते इथे छापता येणार नाही.

पोचायचं कसं?

मुंबईहून कोकणकन्या किंवा तुतारी. दोन्ही रात्रीच्या. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हाच करा. तुतारी दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते, त्यामुळे शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकिटावर शनिवारची तारीख हवी. या एका तारखेपायी आमच्या ओळखीतली दोन जोडपी चोवीस तास उशिरा स्टेशनवर गेलीत. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरात लांबपर्यंत चालू असतं आणि गाड्या त्यात हळू धावतात, तेव्हा उतरण्याची वेळ जुन्या आठवणीवर धरू नका.

कुडाळहून पुढे एसटी आहे, पण दोन दिवसांच्या हिशेबात ती बसत नाही. सहा आसनी रिक्षा किंवा गाडी दोन दिवसांसाठी ठरवा. सहलीतला सगळ्यात मोठा खर्च हाच. कोल्हापूरकडून स्वतःच्या गाडीनं येणार असाल तर क्रम उलटा करा, आंबोली घाट उतरतानाच धबधबा होऊन जातो.

तंबू थेट किनाऱ्यावर ठोकता येतो का?

ठोकू नका. वाळूवर रात्री कोण विचारायला येतंय, असं वाटतं खरं, पण गावात सगळ्यांना सगळं दिसत असतं. किनाऱ्याला लागून कुणाची तरी वाडी असते, तिच्या मालकाला विचारायचं. भोगवे, निवती, खवणे या बाजूला घरगुती राहण्याची सोय करणारे बरेच जण वाडीत तंबूला जागा देतात. संडास-बाथरूम, विहिरीचं पाणी आणि रात्रीचं जेवण सगळं त्यातच जमतं. आंबोलीच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढायचा विचारही नको.

आम्ही ज्या वाडीत उतरतो तिथल्या काकांनी पहिल्या वर्षी मी दाखवलेल्या तिन्ही जागा नाकारल्या. पहिली किनाऱ्याच्या उतारावरची. "हयसर नको गो बाय, उधाणाचा पाणी हयपर्यंत येता," असं म्हणत त्यांनी पायानं वाळूतली काटक्या-शेवाळाची काळी रेघ दाखवली. ती रेघ म्हणजे गेल्या मोठ्या भरतीची सही. दुसरी जागा माडाखालची. नारळाला तीन डोळे असतात, तो माणसाच्या डोक्यावर पडत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. पण सुकलेल्या झावळीला डोळे नसतात आणि ती रात्री अशी कोसळते की शेजारच्या वाडीतला कुत्रा उठून बसतो. तिसरी जागा छान सपाट होती, म्हणजे तिथे पाणी साचतं. शेवटी त्यांनी पडवीच्या बाजूची, किंचित उताराची, सुरूंच्या आडोशाची जागा दिली. समुद्र दिसत नव्हता, ऐकू येत होता. मी हिरमुसले होते. रात्री दोनला वारा सुटल्यावर मनातल्या मनात काकांच्या पाया पडले.

खुंट्या जमिनीत जातच नाहीत, काय करायचं?

तुम्ही जांभ्यावर आहात. कोकणातला सडा म्हणजे वर चार बोटं माती आणि खाली लाल, भोकाभोकांचा दगड. दुकानदारानं तंबूबरोबर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या त्यात घातल्या की चमच्यासारख्या वाकतात. आमच्या चार वाकल्या. नागपूरच्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला हे पटेना, तो पाचवी ठोकत बसला.

यावर उपाय दगडाचाच. दोरीचं टोक लांबट दगडाला गुंडाळायचं, तो आडवा ठेवायचा आणि दोरीवर दुसरा जड दगड टेकवायचा. नुसता वरून दगड ठेवला तर वाऱ्यात तो सरकतो, दोन दगडांत दोरी चिमटली गेली पाहिजे. दगड उचलण्याआधी तो पायानं कलंडवा, खाली हात घालू नका. जांभ्याच्या कपारीत फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं.

वाळूत उलटं. तिथे खुंटी लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तशीच बाहेर येते. पिशवीत वाळू भरायची, तोंडाला दोरी बांधायची आणि पिशवी गुडघाभर खड्ड्यात पुरायची. पिशव्या सकाळी उकरून परत न्यायच्या, हे वेगळं सांगायला नको.

भरती किती वाजता, हे कसं कळणार?

मोबाइलवर तक्ते मिळतात, पण रेंज असेल तर. कोळ्यांचा जुना हिशेब पाठ करून ठेवा: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती साधारण सहाला, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. मुंबईच्या मानानं इकडे भरती थोडी लवकर येते, तेवढी सूट धरा. रोज ती पाऊण-एक तास पुढे सरकते.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप वर चढतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे भरती-ओहोटीत फारसा फरक नाही. पितृपक्ष पौर्णिमेला सुरू होतो आणि अमावास्येला संपतो, म्हणून मधली अष्टमी सोयीची. मध्यरात्री ओहोटी असते, शिवाय चंद्र उशिरा उगवत असल्यानं आकाश तोवर काळंभोर राहतं. आकाशगंगा बघायची असेल तर याहून चांगली रात्र नाही. ढग नसतील तर.

कुठला धबधबा निवडावा?

आंबोलीचा मुख्य धबधबा घाटरस्त्यावरच आहे. गाडीतून उतरलं की समोर. पायऱ्या आहेत, त्यांवर शेवाळ आहे, आणि रविवारी अकरानंतर तिथे भुट्टेवाले, माकडं आणि स्पीकर अशी तिहेरी गर्दी होते. नऊच्या आत पोचलात तर तो तुमचा. माकडांना पिशवीचा आवाज कळतो, वेफर्सचं पाकीट बाहेर काढू नका.

त्याच भागात मला स्वतःला आवडतो तो नांगरतास, आंबोली गावाच्या पुढे साधारण दहा किलोमीटरवर. तिथे पाणी डोक्यावर कोसळत नाही. रस्त्यालगतच्या अरुंद घळीत ते खाली उतरतं आणि तुम्ही वरून वाकून बघता. आवाज पोटात घुमतो. कावळेसादला वारा असला तर खाली पडणारं पाणी दरीतून उलटं वर येऊन अंगावर उडतं. आमच्या साहेबांचा चष्मा पुसण्यात तिथे अर्धा तास गेला.

कणकवलीजवळचा सावडाव रुंद कातळावरून पसरट उतरतो, लहान मुलांना घेऊन जाणारे तोच निवडतात. वैभववाडीजवळचा नापणे बारमाही म्हणून ओळखला जातो, तेव्हा नोव्हेंबरात जाणार असाल तर त्याचा विचार करा. दोघांच्या दोन दिवसांत मात्र एकच बाजू धरावी, कणकवली-वैभववाडी किंवा सावंतवाडी-आंबोली.

धबधब्याखाली पोहता येतं का?

नाही. पायथ्याच्या डोहात खाली काय आहे ते दिसत नाही आणि पडणारं पाणी माणसाला आत दाबतं. कडेला पाय सोडून बसा, पुष्कळ झालं. बसल्या जागीही कान आणि डोळे उघडे ठेवा. वर सड्यावर पाऊस झाला तर तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी वाढतं. पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज बदलला, की चपला न शोधता बाहेर या. चपला नंतर घेता येतात.

कोकणात कला संग्रहालय? कुठलं?

हा प्रश्न विचारताना लोकांच्या चेहऱ्यावर जो अविश्वास असतो, तो मला फार आवडतो. पिंगुळीच्या गुढीपूर वस्तीत ठाकर आदिवासी कला आंगण आहे. घराचा गोठा होता, त्याचं संग्रहालय केलं. ज्यांनी केलं त्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. एसी नाही, तिकिटाची खिडकी नाही, काचेच्या पलीकडे उभा राहून दरडावणारा रखवालदार नाही. तुम्ही कुणाच्या तरी अंगणात आलेले पाहुणे असता, तसंच वागायचं.

तीन गोष्टी नीट बघा: चित्रकथीची जुनी चित्रं, लाकडी कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावलीच्या बाहुल्या. चित्रकथी म्हणजे चित्र दाखवून गाऊन सांगितलेली कथा, बहुतेक रामायण-महाभारतातली. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे पान उलटलं की कथा पुढे सरकते. सांगणारा चित्र मांडीशी टेकवून धरतो, बोटानं पात्र दाखवतो, सोबत वीणा, टाळ आणि हुडूक. सावंतवाडीच्या संस्थानानं या कलेला आश्रय दिला होता.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा घाईघाईत दहा मिनिटांत 'बघून' टाकलं. दुसऱ्या वेळी एकाच चित्रापुढे बसले. चेहरा बाजूनं, डोळा मात्र अख्खा आणि मोठा, समोरून दिसावा तसा. पाठीमागे डोंगर नाही, नदी नाही, घर नाही. एक झाड काय ते, तेही वनवास कळावा म्हणून. बाकीचं सगळं गाणाऱ्यानं भरायचं. आवाजाशिवाय हे चित्र अर्धंच आहे, हे तेव्हा लक्षात आलं. म्हणून आधी फोन करून कार्यक्रम दाखवता येईल का, हे विचारा. दोघांसाठीही दाखवतात का, त्याचं मानधन किती, हे फोनवरच मोकळेपणानं बोलून घ्या. खेळ बघून शंभराची नोट हातात कोंबणारी माणसं मी पाहिली आहेत. पाहताना मलाच कुठे तोंड लपवू असं झालं.

चित्रं विकतही मिळतात. घेतलंत तर गुंडाळी भिजू नये म्हणून प्लास्टिकची नळी सोबत न्या. तंबूच्या पिशवीत खोचू नका, आमचं एक चित्र तसं गेलं. जटायूच्या पंखावर अजून डाग आहे.

त्याऐवजी सावंतवाडीचा राजवाडा बघितला तर चालेल?

'ऐवजी' नको, 'शिवाय' चालेल. मोती तलावासमोरच्या जांभ्या दगडाच्या राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर काम करताना दिसतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा, एकूण 120 पत्ते. राजा आणि वजीर सोडले तर अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. नवऱ्यानं परतीच्या गाडीत हे मला तीनदा समजावलं. मला अजून कळलेलं नाही, पण मत्स्यावताराच्या पत्त्यावरचे ते नखाएवढे मासे एकेका केसाच्या कुंचल्यानं उठवताना बघितलेत, तेवढं पुरे. राजवाड्याच्या वेळा, दुपारची सुट्टी आणि रविवारचं काय, हे आधी विचारून जा. वेळ उरला तर चितारआळीत लाकडी फळं बघा. तिथलं लाकडी केळं आमच्या घरी आलेल्या तीन पाहुण्यांनी सोलायला घेतलंय.

जेवणाचं काय?

वाडीत सांगून ठेवा. स्टोव्ह घेऊन मॅगी उकळण्यासाठी कोकणात जायचं हे मला समजत नाही. मासेमारीची बंदी जुलैअखेर उठलेली असते, त्यामुळे बांगडे मिळतात. पण पितृपक्षात ज्या दिवशी घरात म्हाळ, म्हणजे पितरांचं श्राद्ध असेल त्या दिवशी मासे नाहीत. तेव्हा काळ्या वाटाण्याची आमटी, वडे आणि खीर. एकदा आम्ही नेमके म्हाळाच्या दिवशी पोचलो आणि काकींनी आम्हालाही पंक्तीला बसवलं. कुळथाची पिठी नवऱ्याला पहिल्या दिवशी आवडली नाही. आता तो घरी मागतो.

लग्न झालेलं नाही. जागा देतील का?

कायद्यानं दोन सज्ञान माणसांना बंदी नाही. ओळखपत्र दोघांचंही न्या, ते मागतातच. पण वाडी हे हॉटेल नसतं, ते कुणाचं तरी घर असतं. फोनवरच खरं सांगा. काही जण नाही म्हणतील, काहींना काही वाटणार नाही. तिथे पोचून खोटं मंगळसूत्र सांभाळत बसण्यापेक्षा हे बरं. काकींच्या नजरेला ते पाच मिनिटांत कळतं.

साप, जळवा, डास?

रात्री बूट घालून, टॉर्च पायाशी धरून चाला. तंबूची चेन मिनिटभरही उघडी ठेवू नका आणि बूट सकाळी झटकून घाला. साप चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नको. माणसाला हलवायचं नाही, 108 ला फोन आणि सरकारी रुग्णालय. जळवा आंबोलीत चिकटतात, मीठ लावलं की सुटतात, घाबरण्यासारखं काही नाही. पायावर जखम असेल तर मात्र भाताच्या चिखलातून अनवाणी जाऊ नका, या दिवसांत इकडे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप असतो.

पाऊस आलाच तर?

येणारच. परतीचा पाऊस दिवसभर नसतो. दुपारपर्यंत कडक ऊन, चार-पाचला पूर्वेकडून काळं भरून येतं आणि गडगडाट. भीती पाण्याची नाही, विजेची. तंबू म्हणजे आडोसा नव्हे. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा गाडीत जायचं, माडांखाली तर मुळीच थांबायचं नाही. मोबाइलवर दामिनी ॲप घेऊन ठेवा, वीज कुठे पडतेय ते त्यात कळतं. निघण्याआधी हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट असेल तर तंबू घरी ठेवा आणि खोली सांगा. आम्ही एका वर्षी तंबू न उघडताच परत आलो. रात्रभर पडवीत बसून काकांकडून मासे आणि भुतं दोन्ही ऐकली.

आणि परत आल्यावर?

त्याच रात्री, कितीही दमला असलात तरी, तंबू पिशवीतून बाहेर काढा. ओला तंबू दोन दिवस गुंडाळून ठेवला की त्याला असा काही कुबट वास लागतो, तो पुढच्या भाद्रपदापर्यंत जात नाही. गोड्या पाण्यानं पुसा, चेनमधली वाळू जुन्या टूथब्रशनं काढा, नाहीतर मिठानं ती जाम होते. मग सावलीत वाळवा. आमचा बिल्डिंगच्या गच्चीवर वाळतो. सेक्रेटरींनी पहिल्या वर्षी हे काय म्हणून विचारलं होतं. यंदा त्यांनी वाडीतल्या काकांचा नंबर मागितला.